दोन बोटं वाढीव

"टाचा चौकटीला लाव. हनुवटी खाली. आणि श्वास सोड गं, फुग्यासारखी फुगलीयस कशाला!"

आप्पांनी असं म्हटल्यावर केतकीनं श्वास सोडला, पण श्वासाबरोबर उंचीही निसटून जाईल या भीतीनं लगेच परत ओढून घेतला. दुकानाच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून ती उभी होती. आठवं लागलेली पोर, पण चेहरा कोर्टात निकाल ऐकायला उभी असल्यासारखा. तिचा धाकटा भाऊ हर्षल कटिंगच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात बसून वर बघत होता. माझे मिस्टर, शशिकांत, पँटीला शिलाई मारत होते, त्यांनी मशीनवरचा पाय थांबवला. मी कोपऱ्यात काजं करत होते. हातातलं काम सोडलं नाही, पण लक्ष सगळं तिकडंच होतं.

आप्पांनी टेपचं टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलं, टेप वर नेली, नातीच्या डोक्यावर तळहात आडवा ठेवला आणि चष्म्याच्या खालून बघत जाहीर केलं, "चार फूट. पुरते."

"पुरते म्हणजे भरले?"

"भरले की."

केतकीनं अशी किंकाळी मारली की समोरचा किराणावाला हातात वजन घेऊन रस्त्यावर आला. हर्षलही टेबलाखालून ओरडला. त्याला काही कळलं नव्हतं, पण ताई ओरडली की आपणही ओरडायचं एवढं त्याला माहीत होतं.

"आप्पा, परत एकदा घ्या ना. नीट."

"परत?" आप्पांनी टेप गळ्यात टाकली. "अगं, माळवद्यांच्या दुकानात माप एकदाच घेतात. दुसऱ्यांदा घेतलं की गिऱ्हाईक पोट आत घेतं."

हे खरं होतं. कराडच्या आमच्या गल्लीत आप्पांच्या मापावर कुणी शंका घ्यायचं नाही. फक्त पोरांचे कपडे शिवायचे म्हटलं की ते आपल्या मनानं दोन बोटं वाढवायचे. आयांना तेच हवं असायचं. आप्पांच्या हातचा गणवेश पोरगं पहिल्या वर्षी अंगात घालत नसे, त्यात राहायला जात असे.

चार फुटांचं एवढं काय, ते सांगायला हवं. खंडाळ्याचा घाट उतरलं की पलीकडं तेव्हा स्वप्नपूर नावाची मोठी बाग होती. पाळणे, आगगाड्या, पाण्याच्या घसरगुंड्या, सगळं होतं. त्यातलं सगळ्यात उंच चाक म्हणजे गरुडझेप. त्याला पाळण्यांच्या जागी लाकडी गरुड लटकवलेले, एकेका गरुडात दोघांची जागा. चार फूट भरलं की पोराला गरुडावर एकट्यानं बसता येई. केतकीला एकटीनं बसायचं होतं. वर्षभर ती त्या चार फुटांसाठी दुकानाच्या माळ्याच्या कडीला लोंबकळत होती.

वर्षभर म्हणजे मी त्या घरात आले तेव्हापासून. त्याआधीचं मला माहीत नव्हतं. केतकी-हर्षलची आई, उज्ज्वला, काविळीनं गेली आणि पुढं मी आले. विट्याला माहेरी ब्लाउज शिवत बसलेली, लग्नाचं वय टळून गेलेली मुलगी. आप्पा अस्तर घ्यायला विट्याच्या बाजारात आले होते, त्यांनी माझी शिलाई बघितली आणि मग मला बघितलं. याच क्रमानं.

हर्षलनं मला चार दिवसांत आपलंसं केलं. माझ्या पदराचं टोक गालाखाली घेतल्याशिवाय त्याला झोप येईना. केतकीचं तसं नव्हतं. ती माझ्याशी भांडली नाही, रुसली नाही, उलटून बोलली नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं. ती मला पाहुण्यासारखं वागवायची. "काकू, तुम्हाला पाणी आणू का?" "काकू, तुम्ही राहू द्या, मी घेते." वर्ष झालं तरी त्या घरात मी आपली कालच आल्यासारखी.

संध्याकाळी जेवताना बेत ठरायला लागला. शिंप्याच्या घरात सुट्टीचा बेत ठरणं सोपं नसतं. पोरांना सुट्टी असते तेव्हा आम्हाला मान वर करायला सवड नसते. मे महिन्यात लग्नं, जून आला की गणवेश, आणि दिवाळीत तर लोक आंघोळीच्या पहाटेपर्यंत दाराशी उभे. भाऊबीज झाल्यावर शाळा उघडेपर्यंत काय ती फट सापडते.

"परवा निघू," हे म्हणाले. "व्हॅन सांगून ठेवतो. येताना पुण्यात चुलतभावाकडं मुक्काम करू."

केतकीनं ताटातल्या शेवेचे ढीग करून व्हॅन मांडली. "बाबा पुढं बसणार, कारण बाबांना गाडी लागते. मी या खिडकीत. हर्षू त्या खिडकीत. मध्ये डबे."

"आणि काकू?" हर्षलनं विचारलं.

"काकूंना कशाला एवढा त्रास," केतकी अदबीनं म्हणाली. "दुकान कोण बघणार?"

"दुकान माझ्या बापानं काढलंय, मी बघीन की," आप्पा म्हणाले. "आणि हर्षूला कोण बघणार? तुझा बाप? तो गाडीतनं उतरला की अर्धा तास झाडाला धरून उभा असतो."

"आप्पा, जेवताना नको," हे म्हणाले.

"जेवताना नको तर कधी सांगू? साध्या झोपाळ्यावर मळमळतं याला. वरातीत घोड्यावर बसला, तर मागनं मी लिंबू घेऊन पळतोय. लोकांना वाटलं, काय नवीन रीत काढली माळवद्यांनी."

हर्षल हसता हसता ठसकला. केतकी मात्र डाळीत बोट बुडवून बराच वेळ विचार करत राहिली.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "काकू आल्या तर चालेल. पण एक अट आहे."

"सांग की," मी म्हटलं.

"मी गरुडावर बसल्यावर तुम्ही खालून हात करायचा नाही."

ताटावरचे सगळे हात थांबले. ह्यांनी "केतू!" असं जरा जोरात म्हटलं. आप्पांनी डावा हात नुसता वर केला, आणि ह्यांनी पुढचा घास उचलला.

"नाही करणार," मी म्हटलं. "मी तेव्हा हर्षूला घेऊन दुसरीकडंच जाईन. चालेल?"

"चालेल." तिनं व्हॅनमधल्या डब्यांचा ढीग थोडा सरकवला आणि मध्ये एक शेव ठेवली. ती मी.

भांडी घासताना हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. ह्यांना सरळ बोलायला जमत नाही, आधी ताट पुसायला घेतात. दोन ताटं पुसून झाल्यावर म्हणाले, "तिचं मनावर घेऊ नकोस."

"घेतलं नाही. पण काय ते कळू दे की."

मग कळलं. हर्षल पोटात असताना ते सगळे स्वप्नपूरला गेले होते. केतकी तेव्हा दारातल्या मापाच्या गरुडाच्या पोटालाही लागत नव्हती. बरोबर मोठं माणूस असतं तर सोडलं असतं, पण उज्ज्वलाला त्या अवस्थेत कोण बसू देणार? आणि ह्यांचं तर माहीतच आहे. पोर रडून लाल झाली. तेव्हा उज्ज्वला तिला म्हणाली होती, चार फूट झालीस की तू एकटी बस, राणीसारखी. मी इथं झाडाखाली उभी राहते आणि खालून हात करते.

"ते अजून धरून बसलीय," हे म्हणाले, आणि पुसलेलंच ताट परत पुसायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी केतकी एक पिवळा फ्रॉक घेऊन दुकानात आली. तिच्या आईनं आजारपणात शिवलेला. तेव्हाच मोठा शिवून, घेराला आत दोन दुमडी घालून ठेवला होता. हा घालून जायचं, असं सांगून. पहिली दुमड आप्पांनी मागच्या साली सोडली होती. आता दुसरी सोडायची होती.

आप्पांनी फ्रॉक उजेडाला धरला, लांब नेला, जवळ आणला. "डोळे गेले गं माझे. पिवळ्यावर पिवळा दोरा, दिसतोय कुठं? काल सुईत दोरा ओवायला मी तुझ्या बापाला हाक मारली."

"मग बाबा उसवतील."

"बाबाला पँटी उसवू दे. ह्याला हात हलका लागतो." आणि फ्रॉक माझ्या मांडीवर टाकून आप्पा चहाला म्हणून बाहेर पडले ते पडलेच.

केतकी माझ्यासमोर उभी. फ्रॉक परत मागावा की काय, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"मी इथंच बसते," ती म्हणाली.

"बस की. उलट दोरे वेच, मला मदत होईल."

मी शिवण कुठल्या क्लासला शिकले नाही. लोकांचे जुने ब्लाउज उसवत शिकले. उसवायला लागलं की शिवणाऱ्याचा स्वभाव हाताला कळतो. घाईचा माणूस टाका लांब टाकतो, भांडकुदळ दोरा करकचून ओढतो. उज्ज्वलाचा टाका तांदळाच्या कणीएवढा होता, आणि दर चार बोटांवर तिनं दोरा फिरवून पक्का केला होता. आत वाढीव कापडाची माया भरपूर सोडलेली. आजारी माणसाच्या हातानं एवढं केलं होतं. मी एकेक टाका ब्लेडच्या टोकानं उचलत गेले आणि केतकी माझ्या बोटांवर पाळत ठेवून बसली.

"आईचा टाका चांगला आहे ना?" बऱ्याच वेळानं तिनं विचारलं.

"माझ्यापेक्षा चांगला."

"तुमच्यापेक्षा?" तिला हे अपेक्षित नव्हतं.

"हे बघ ना. मी एवढा बारीक घालत नाही. मला कंटाळा येतो."

ती हसली. मग आपण हसलो हे लक्षात येऊन परत दोरे वेचायला लागली.

दुमड सुटली तशी आतली पट्टी दिसली, गर्द पिवळी. वरचा सगळा फ्रॉक धुऊन धुऊन फिका पडला होता आणि दोन्हींच्या मध्ये घडीची रेघ राहिली होती.

"रेघ झाकायला लेस लावू का बारीक?"

"नको," केतकी म्हणाली. "राहू दे तशीच."

मी कडेला एवढीशी दुमड घालून तुरपून दिली. आता सोडायला काही उरलं नव्हतं.

निघायच्या दिवशी आप्पा दाराशी उभे राहून बारीकसारीक सूचना करत होते. लिंबं घेतली का, पुऱ्या वर ठेवा, हर्षूची टोपी. मला म्हणाले, "शालन, पायात घट्ट चप्पल घातलीस का? सैल नको."

"मी कुठं चढणार आहे, आप्पा?"

"आपलं सांगितलं," आप्पा म्हणाले.

खंबाटकीच्या घाटात ह्यांच्यासाठी व्हॅन थांबवायला लागली. पुण्याच्या पुढं परत थांबवायला लागली. केतकी दर वेळी खिडकीतून मान काढून "बाबा, झालं?" असं विचारायची, तक्रारीच्या सुरात नाही, आगगाडीच्या गार्डासारखं. हर्षलला एकच काळजी लागली होती.

"काकू, गरुड चावतो का?"

"लाकडाचा आहे रे."

"लाकडाचा चावतो का?"

स्वप्नपुरात शिरल्यावर हे सावली बघून एका बाकावर बसले ते उठेनात. हर्षलला समोरच्या हौदात बदकांच्या होड्या दिसल्या आणि त्याचा गरुडातला रस तिथंच संपला. "मी बघतो ह्याला," हे डोळे मिटूनच म्हणाले, "तू केतूला तिथपर्यंत सोडून ये."

तर आम्ही दोघी गेलो. चाकाच्या दाराशी लाकडाचा एक मोठा गरुड रंगवून उभा केलेला होता. त्याचा एक पंख आडवा पसरलेला. त्या पंखाला डोकं लागलं की आत. पोरांची रांग होती. केतकी मला म्हणाली, "आता तुम्ही गेलात तरी चालेल, काकू. हर्षू रडेल."

"तू आत गेलीस की जाते."

तिचा नंबर आला. ती पंखाखाली गेली, टाचा जुळवल्या, हनुवटी खाली घेतली. श्वास मात्र धरून ठेवला. रखवालदारानं तिची वर बांधलेली शेंडी तळहातानं हळूच दाबली. शेंडी बसली आणि वर फट राहिली.

"दोन बोटं कमी आहेस, बाळ."

"नाही!" केतकी म्हणाली. "चार फूट आहे मी. पुरते. आमच्या आप्पांनी माप घेतलंय."

"घेतलं असेल, पण..."

"आमचे आप्पा शिंपी आहेत. कराडात त्यांचं माप कुणी दुसऱ्यांदा घेत नाही!"

माणूस भला होता. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "बाळ, आप्पांची टेप कापडाची. माझा हा गरुड लाकडाचा. तो कुठं हलतोय सांग?"

त्याच वेळी माझ्या डोळ्यांसमोर कराडातले सगळे गणवेश उभे राहिले. कोपराखाली लोंबणाऱ्या बाह्या, गुडघ्याखाली गेलेल्या चड्ड्या. दोन बोटं! पोराचं माप म्हटल्यावर आप्पांच्या तोंडातून सवयीनं दोन बोटं वाढवूनच निघालं होतं. शाळेचा शर्ट असो नाहीतर नातीची उंची.

मी खाली वाकले. "केतू, आप्पांनी वाढीव माप घेतलं गं."

शिंप्याच्या घरातली पोर, तिला आणखी सांगावं लागलं नाही. ती रांगेतून बाजूला झाली. रडली नाही. फ्रॉकची कड दोन्ही मुठींत धरून उभी राहिली.

"पुढच्या वर्षी येऊ," मी म्हटलं. "तोवर चार फुटांच्या वर जाशील."

"पुढच्या वर्षी हा मला येणार नाही," ती कडेकडं बघत म्हणाली. "आता दुमडच नाहीये आत."

ती दुमड मीच उसवली होती, आणि ती शेवटची होती हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

"अहो ताई," रखवालदारानं मागून हाक मारली. "सोबत मोठं माणूस बसत असेल तर आत्ता सोडतो की. दोघांचाच गरुड आहे."

केतकीनं लांब बाकाकडं बघितलं. तिच्या बापानं आता डोकं गुडघ्यांत घातलं होतं आणि हर्षल त्यांच्या पाठीवर बदकासारखा आवाज काढत थापट्या मारत होता. तिनं तिकडून नजर काढली आणि चाकाच्या टोकाकडं बघितलं. मग माझ्याकडं.

मी आयुष्यात जत्रेतल्या पाळण्यात बसले नव्हते. माळ्यावरचा डबा काढायला मी स्टुलावर चढत नाही, शेजारच्या पोराला बोलावते. त्या चाकाकडं नुसतं बघितल्यावर माझ्या तळव्यांना घाम सुटला होता.

"मी बसले तर चालेल का तुला?" मी विचारलं.

"आई म्हणाली होती, एकटी बस."

"हो."

ती विचार करत होती. घाई करण्यासारखी ती गोष्ट नव्हती. रांग आमच्या बाजूनं पुढं सरकत होती.

"तुम्ही वर बसलात, तर तुम्ही खाली नसाल," ती म्हणाली.

"नाही. खाली नसेन."

"मग खालची जागा रिकामीच राहील?"

"राहील."

"चला," केतकी म्हणाली.

गरुडात बसल्यावर आडवा दांडा खाली आला, खटका लागला, आणि जमीन निघाली. मी डोळे मिटले आणि पाठ असलेली सगळी स्तोत्रं एकदम म्हणायला लागले, त्यामुळं एकही पुरं होईना.

"काकू, तुम्ही घाबरलाय?"

"छे."

"मग माझा हात का मोडताय?"

मी हात सैल केला. तिनं तो काढून घेतला नाही. चाक वर गेलं, खाली आलं, परत वर गेलं. आणि मग एके ठिकाणी सगळं थांबलं. वारा तेवढा चालू होता. गरुड करकरत जागच्या जागी हलत होता.

"सगळ्यात वर आलोय," केतकी म्हणाली. "उघडा डोळे. उघडा ना. ते बघा, त्या झाडाखाली. तिथं आई उभी होती मागच्या वेळी."

मी डोळे उघडले. खाली भेंडीएवढी माणसं होती. एक मोठं झाड होतं आणि त्याखाली एक रिकामा तुकडा, ऊन-सावलीचा.

केतकीनं हात वर केला आणि हलवला. शाळेत निघालेली पोरं दाराशी उभ्या आईला करतात तसा घाईचा नव्हे. बराच वेळ करत राहिली. मी समोरच्या डोंगराकडं बघत बसले. ते दोघींचं होतं, त्यात मी कशाला.

"तुम्ही पण करा," ती म्हणाली.

"मी? तूच नको म्हणालीस ना?"

"ते खालून," केतकी म्हणाली. "वरून चालतं."

मी दांड्यावरचा एक हात सोडला. कसा सोडला ते मला आजही सांगता येणार नाही. वर केला, आणि ज्या बाईला मी कधी बघितलं नव्हतं, फक्त तिचा टाका ज्याच्यामुळं मला माहीत होता त्या फ्रॉकशेजारी बसून, तिला हात केला.

तेवढ्यात झाडाच्या त्या सावलीत एक ढेरपोटे गृहस्थ भेळेचा कागद घेऊन आले. त्यांनी वर बघितलं, आम्ही दोघी हात करतोय हे बघितलं, कुणीतरी ओळखीचं असणार म्हणून त्यांनी भेळेसकट दोन्ही हात वर करून जोरात हलवले. भेळ त्यांच्याच डोक्यावर पडली.

केतकी हसायला लागली ती थांबेना. मीही. चाक सुरू झालं, खाली आलो, दांडा उघडला तरी आम्ही हसतच होतो. रखवालदाराला वाटलं, मला झटका वगैरे आला.

"परत?" केतकीनं विचारलं.

"परत," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कराडात पोचलो. व्हॅन थांबायच्या आत केतकी उडी मारून दुकानात शिरली. आप्पा दाराशी बसून कुणाच्या तरी शर्टाला बटणं लावत होते. चष्मा कपाळावर चढवलेला.

"आप्पा! तुमचं माप चुकलं!"

"चुकलं?" आप्पांनी मान वर केली नाही. "मग काय, बसायला नाही मिळालं?"

"मिळालं. काकूंबरोबर."

"बरं. मग पडलात का काय तिथनं?"

"नाही. खूप वेळा बसलो. काकू आधी घाबरल्या होत्या, मग नाही घाबरल्या."

"मग चुकलं काय?" आप्पा म्हणाले.

केतकी हर्षलच्या मागं आत पळाली, आतून बदकाचा आवाज यायला लागला. मी डब्यांची पिशवी घेऊन दाराशी आले. दिवे अजून लागले नव्हते. आप्पांच्या सुईतला दोरा संपला होता. त्यांनी रिळाचा दोरा दातानं तोडला, तोंडात ओला केला, सुई संधिप्रकाशात धरली आणि चष्मा कपाळावरच ठेवून, एका फटक्यात, दोरा ओवला.

मी उंबऱ्यातच थांबले. मला पिवळ्यावरचा पिवळा दोरा आठवला. मग घट्ट चप्पल आठवली. आणि मग टेपचं ते पायाच्या अंगठ्याखाली दोन बोटं आत दाबलेलं टोक.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी काय बघतेय ते त्यांना कळलं.

"काय बघत उभी राहिलीस?" ते म्हणाले. "चहा टाक की."

आप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. आता दुकान आम्ही दोघं जमेल तसं चालवतो. आप्पांची टेप माझ्याकडं असते. आकडे पुसट झालेत, पण मला लागत नाहीत. हर्षल बंगळुराला असतो. केतकी पुण्यात. मला अजून काकूच म्हणते, आणि माझ्या फराळाला नावं ठेवते.

भाऊबीजेला ती तिच्या मुलीला, मनूला, माझ्याकडं सोडून गेली. दोन दिवसांनी फोन आला. तिकडं कुठंशी नवीन बाग झालीय, मोठं चाक आहे, पुढच्या आठवड्यात जायचा बेत करतेय.

"काकू, मनूचं माप घेऊन ठेव ना. चार फूट लागतात. भरली तर एकटीच बसू दे, मी आपली खाली उभी राहून फोटो काढीन. मला ऑफिसचे फोनही घ्यायचे असतात."

मी मनूला दुकानाच्या त्याच चौकटीला उभं केलं. टाचा मागं, हनुवटी खाली. टेपचं टोक अंगठ्याखाली दाबलं, तळहात आडवा ठेवला. मनूनं श्वास धरला होता. दोन बोटं कमी भरत होती.

"चार फूट," मी फोनवर सांगितलं. "पुरते."

"काकू," पलीकडून केतकी म्हणाली, "टेप कुणाची वापरलीस?"